सत्तेचाळीस टिकल्या

अनघा : मी बसायला आलेली नाही, उल्हासदादा. आधी ते बॉम्ब शेल्टर उघडा.

उल्हास : अगं, आत तरी ये. रविवारी सकाळी साडेनऊला अशी बेल दाबून धरतात का? रत्ना मार्केटला गेलीय, ती असती तर ब्लॉकला आग लागली म्हणून धावत सुटली असती. आणि हे कोण?

अनघा : हे संग्राम मोहिते. शिपयार्डमध्ये वेल्डर आहेत. गेल्या गणपतीत आपल्या मंडळानं कामगारांच्या डॉर्मिटरीत दातांचं शिबिर घेतलं, तेव्हा यांना तपासलं होतं. तुम्हीच यांच्या हातात टूथब्रशची पिशवी दिलीत. स्मरणिकेत फोटो आहे तुमचा.

संग्राम : नमस्कार साहेब.

उल्हास : नमस्कार. अरे बाप रे, गाल केवढा सुजलाय तुझा! कुणी मारलं की काय?

संग्राम : न्हाई साहेब. दाढ हाय.

अनघा : मी सकाळी टेक्का मार्केटात मेथी घेत होते. मागून हाक आली, 'मॅडम'. वळून बघितलं तर हे. मी ओळखलंसुद्धा नाही, अर्धा चेहरा रुमालात. आणि मला विचारलं काय, माहितीये? ओरडले नाहीत, भांडले नाहीत. 'मॅडम, तो फोन कधी येणार?' एवढंच. सहा महिन्यांनी माणूस मला विचारतोय, फोन कधी येणार!

उल्हास : कुठला फोन?

अनघा : वा! कुठला फोन! ज्यांचे दात वाईट निघाले त्यांची नावं आपण चॅरिटी क्लिनिकला देणार होतो आणि तिथून त्यांना फोन जाणार होता. तो फोन. मी टॅक्सीतूनच क्लिनिकला विचारलं. तिथली बाई म्हणाली, तुमच्या 'सह्यकिरण' मंडळाकडून आमच्याकडे एकही कागद आलेला नाही. एकही नाही, उल्हासदादा.

उल्हास : असं कसं होईल? ते सगळं मंडळातला अश्विन बघत होता.

अनघा : अश्विनलाही विचारलं. तो म्हणाला, फॉर्म उल्हासदादांकडे, मखराच्या खाली. क्लिनिक आज बारापर्यंत उघडं आहे. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म नेला तर आजच बघतील. उघडा ते दार.

उल्हास : तिथं पाय ठेवायला जागा नाही गं. मखर, झांजा, पताका, गेल्या वर्षीची सगळी रांगोळी... अख्ख्या मंडळाचं सामान माझ्याच बोडक्यावर. कुणाच्या आलिशान कॉन्डोत एक पिशवी ठेवायची म्हटली तर लगेच अडचणी सांगतात. माझाच फ्लॅट सापडतो सगळ्यांना.

अनघा : युद्ध झालं तर जीव वाचवायला सिंगापूर सरकारनं घरातच जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली दिलीय तुम्हाला. तुम्ही तिच्यात काय लपवलंत ते बघू दे मला.

उल्हास : लपवलं? शब्द जपून वापर, अनघा. मी तुझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा आहे.

संग्राम : मॅडम, मी खाली थांबतो. तुमचं घरातलं बोलणं हाय.

अनघा : घरातलं नाही, संग्राम. तुमच्या तोंडातलं आहे. बसा त्या खुर्चीवर. रुमाल काढा. दिव्याकडे तोंड करा.

उल्हास : थांबा, थांबा. काढतो खोकं. ही मखराची कमान धर जरा... तू नको रे संग्राम, तू बस. अनघा, तू धर.

अनघा : धरली. ते, ते तपकिरी खोकं. रत्नावहिनींचं अक्षर आहे बघा वर, 'दंततपासणी'. द्या इकडे. दोनशे बारा फॉर्म. वरचं रबरबँड मी लावलेलं आहे, पिवळं. माझ्या मुलीच्या केसांचं. कुणी काढलंसुद्धा नाही हे! सहा महिन्यांत कुणी हातसुद्धा लावला नाही!

उल्हास : मी सांगतो तुला...

अनघा : या टिकल्या दिसतात? स्टिकर संपले म्हणून मी मंडळातल्या अनुजाच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं होतं. ज्याला ताबडतोब डॉक्टरची गरज, त्याच्या फॉर्मवर एक लाल टिकली. म्हणजे पाठवणाऱ्याला वाचायचीसुद्धा तसदी नको. फक्त टिकली बघायची आणि कागद पाठवायचा. सत्तेचाळीस टिकल्या लावल्या मी त्या दिवशी.

संग्राम : माझ्या बी कागदावर लावली व्हती. रूमवरची पोरं म्हणली, संग्रामचं लगीन ठरलं.

अनघा : हा बघा. एकशे अठरा नंबर. संग्राम मोहिते. खालची डावी शेवटची दाढ, मुळापर्यंत किडलेली, पू. 'दोन आठवड्यांच्या आत काढणे.' खाली डॉक्टरांची सही. दोन आठवडे, उल्हासदादा! आणि तुम्ही स्मरणिकेत छापलंत, 'दोनशे बारा कामगार बांधवांना दंतसेवेचा लाभ.' कसला लाभ? एक टूथब्रश आणि एक लाडू!

उल्हास : झालं तुझं? आता मला बोलू देशील?

अनघा : नाही. आधी यांना बघते. संग्राम, तोंड उघडा. अजून. अजून थोडं.

संग्राम : हितवरच... उघडतंय.

अनघा : दोन बोटं जातात का दातांमध्ये? तुमचीच बोटं घालून बघा.

संग्राम : एकच... कसंबसं.

अनघा : हनुवटीखाली हात लावते. दुखेल.

संग्राम : आई गं!

अनघा : दगडासारखं लागतंय. दोन्ही बाजूंनी. हे सकाळपासून असं आहे?

संग्राम : काल दुपारपासनं. आदुगर नुसता गाल व्हता.

अनघा : थुंकी गिळता येते?

संग्राम : न्हाई जमत. म्हणून तर रुमाल धरलाय. टॅक्सी घाण हुईल म्हणून.

अनघा : अहो, मग मला टॅक्सीत का नाही सांगितलंत?

संग्राम : तुमी फोनवर बोलत व्हता.

अनघा : उल्हासदादा, क्लिनिक राहू दे. हे क्लिनिकचं काम उरलं नाही. सूज गळ्याकडे उतरतेय. हॉस्पिटल. इमर्जन्सी. आत्ता.

संग्राम : न्हाई मॅडम.

अनघा : नाही म्हणजे?

संग्राम : हास्पिटलात न्हाई जायाचं मला. तुमी दाढ काढा. हितंच काढा.

अनघा : काय?

संग्राम : तुमी डॉक्टर हाय ना? मी धरून बसतो खुर्चीला. ओरडणार न्हाई. साहेबांकडं पकड असंल.

अनघा : संग्राम, मी इथे डॉक्टर नाही. पुण्याची माझी डिग्री इथे चालत नाही. क्लेमेंटीत एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते मी, अपॉइंटमेंट लिहिते. शिबिरात तपासत होते ते दुसरे दोन डॉक्टर, इथले. मी फक्त तुमचं त्यांना सांगत होते, त्यांचं तुम्हाला. आणि चालत असती तरी मी आज या दाढेला हात लावला नसता. आतला पू पसरला तर श्वास बंद होईल तुमचा, माझ्या हातात.

संग्राम : मग बघितलंत कशाला?

अनघा : काय म्हणालात?

संग्राम : तुमाला काढता येत न्हाई, ह्यास्नी कागद पाठवता येत न्हाई. मग आमाला रविवारी रांगेत हुबं करून तोंडं उघडायला कशाला लावली? दोन तास हुबा व्हतो मी. हप्त्यातनं एक सुट्टी मिळती. कपडे धुवायचे ठेवून आलतो.

उल्हास : अरे, चांगल्या हेतूनंच केलं ना सगळ्यांनी...

संग्राम : हेतू चांगलाच असंल साहेब. मला कुठं ठावं असतं? मला वाटायचं दुखतंय ते दुखतंय, लवंग धरायची, गोळी खायची, सुट्टीला गावाकडं गेलो की उपटून टाकायची. तुमीच सांगितलं लई वाईट हाय, फोन येणार हाय. म्हणून थांबलो.

उल्हास : पण थांबायचं कशाला? एवढं दुखत होतं तर कुठंतरी दाखवायचं होतंस.

संग्राम : मॅडमनीच सांगितलं, दुसरीकडं जाऊ नगा.

उल्हास : हां! ऐकलंस? अनघा, ऐकलंस का हा काय म्हणतोय?

अनघा : ऐकलं.

उल्हास : मला बोलतेयस मघापासून! आणि तू...

अनघा : हो. मी म्हणाले होते. डॉक्टर इंग्रजीत एवढंच म्हणाल्या होत्या की आम्ही फोन करू. बाकीचं माझ्या पदरचं. 'खासगीत उगाच जाऊ नका हं, लुटतील तुम्हाला. थांबा, चांगल्या ठिकाणी सोय होतेय.' मराठी माणूस भेटला म्हणून मला मोठा उमाळा आला होता. संग्राम, मी म्हणाले होते ते. माझी चूक आहे ती.

संग्राम : डिसेंबरात गावाला गेलतो. भणीचं लगीन व्हतं. पलूसला दातांचा डॉक्टर हाय, आमच्या मामाच्या वळखीचा. आई म्हणली, जा, काढून ये. मी म्हणलं, नगं. सिंगापूरचे डॉक्टर करणार हायत, मोठी मशीन हाय त्यांच्याकडं. लग्नातल्या चार माणसांत बी सांगितलं. तिथं हितलं सिम चालू ठेवलं मी, फोन आला तर चुकायला नगं म्हणून. घरात रेंज येत न्हाई. रोज सांजच्याला पाण्याच्या टाकीवर चढून बसायचो. बहीण म्हणायची, दादा, तुझा हळदीत एक फोटो न्हाई.

उल्हास : अरे देवा.

अनघा : आता बोला, उल्हासदादा. मघाशी बोलायचं होतं ना? माझी चूक मी कबूल केली. तुमची तुम्ही सांगा. का नाही पाठवलेत हे कागद? विसरलात? विसरलात असं म्हणू नका. दोनशे बारा लाडवांची ऑर्डर तुम्ही कधी विसरला नाहीत.

उल्हास : विसरलो नाही.

अनघा : मग?

उल्हास : शिबिर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकला फोन केला. म्हटलं, सत्तेचाळीस माणसं आहेत, कधी पाठवू? ती बाई म्हणाली, तुमच्या मंडळासाठी महिन्याला सहा. त्यांच्याकडेही फुकट काम करणारे मोजके डॉक्टर, रविवारीच बसणारे, आणि रांगेत आपल्यासारखी कितीतरी मंडळं. सहाच. कुठले सहा ते तुम्ही ठरवून पाठवा म्हणाली.

अनघा : मग सहा पाठवायचे!

उल्हास : कुठले सहा? तूच सांग. तू सगळ्यांनाच टिकली लावून ठेवलीस. मी बसलो होतो रात्री हे सगळे पसरून, याच टेबलावर. एकाचा पू, एकाचं रक्त, एकाला जेवता येत नाही. मी इंजिनियर माणूस. बॉयलरचा कुठला व्हॉल्व्ह आधी बदलायचा ते मला कळतं. कुणाची दाढ आधी काढायची ते मला नाही कळलं. सहांना पाठवलं असतं तर उरलेल्या एक्केचाळीस जणांना काय तोंड दाखवलं असतं?

अनघा : म्हणून एकालाही नाही पाठवलंत! सत्तेचाळीसही माणसं समान झाली!

उल्हास : म्हटलं अजून एखादं क्लिनिक बघू, मग सगळ्यांना एकदम पाठवू. दोन ठिकाणी विचारलं. मग आमच्या एका जहाजाची ड्राय डॉकमधली दुरुस्ती आली, मग दिवाळी... मग जितके दिवस गेले तितकी ते खोकं उघडायची लाज वाटायला लागली. खरं सांगतो. मला निवडता आलं नाही, अनघा.

अनघा : निवडलंत की. स्वतःला निवडलंत. स्मरणिकेतल्या त्या फोटोला निवडलंत. सप्टेंबरपासून महिन्याला सहा धरले तर आजवर छत्तीस जण झाले असते. छत्तीस! यांचा नंबर दुसऱ्या महिन्यात लागला असता! मला एक फोन केला असतात तर मी डॉक्टरांना विचारून अर्ध्या तासात सहा काढून दिले असते तुम्हाला. पण नाही, मला विचारायचं कसं? मी कोण? लाडू वाढायला बायका, आणि निर्णय घ्यायला कार्यकारिणी!

उल्हास : तसं नव्हतं गं.

अनघा : तसंच होतं. तुम्हाला दाढदुखी ठाऊक आहे? तुम्हीच सांगता दर वेळी, थर्ड इंजिनियर असताना भर पॅसिफिकमध्ये तुमची दाढ दुखली आणि बारा दिवस किनारा नव्हता. अजून कोजागरीला सांगता. बारा दिवसांची तुमची इतकी मोठी गोष्ट आहे. यांनी सहा महिने काढले, भर शहरात. या माणसानं सहा महिने दुखरी दाढ घेऊन तुमच्यासारख्यांची जहाजं जोडलीत.

संग्राम : मॅडम, नगा भांडू. माझं डोकं लई ठणकतंय.

अनघा : चला. टॅक्सी बोलावते मी.

संग्राम : न्हाई. हास्पिटलात गेलो की सुपरवायझरला कळतं. एम.सी. निघती, आजारपणाची रजा. पुढच्या महिन्यात माझं परमिट रिन्यू हाय. आमच्यातला एक जण गेल्या वर्षी आठ दिवसाच्या एम.सी.वर व्हता, पाय मुरगाळलेला. त्याचं परमिट पुढं केलंच न्हाई. तिकीट काढून दिलं हातात. माझं अजून एजंटचं फिटलं न्हाई. भणीचं लगीन आत्ता झालं.

अनघा : संग्राम, मला बघा. उद्या सकाळपर्यंत थांबलात तर परमिट कोणाच्या नावानं रिन्यू करणार? कळतंय का मी काय म्हणतेय? आईला फोन जाईल तुमच्या. तो मात्र जाईल, चोवीस तासांत.

उल्हास : अनघा!

अनघा : खरं तेच सांगतेय. आजवर गोडगोड सांगितलं तेवढं बास झालं.

उल्हास : थांब. संग्राम, तू कुठल्या यार्डात आहेस? कॉन्ट्रॅक्टर कोण?

संग्राम : तुआसला. तुमचंच जहाज लागलंय की आमच्या डॉकला, साहेब. निळ्या पट्ट्याचं. त्याच्या तळाची प्लेट मीच मारतोय. मी तुमाला दोनदा बघितलं तिथं, पांढऱ्या हेल्मेटात.

उल्हास : मग हाक का नाही मारलीस?

संग्राम : कामावर कशी हाक मारायची साहेब? तुमी मालकाचं माणूस.

उल्हास : बरं. ऐक. मी जहाजकंपनीचा सुपरिंटेंडंट म्हणून अकरा वर्षं त्या यार्डात जातोय. आजवर कधी कुणासाठी शब्द टाकला नाही. मंडळ मंडळाच्या जागी, नोकरी नोकरीच्या जागी, असं माझं तत्त्व होतं. आज टाकतो. मॅनेजरला सांगतो की हा माणूस माझ्याबरोबर हॉस्पिटलला आलाय, आणि बरा होऊन आल्यावर मला तो माझ्याच जहाजावर हवाय. पुढं ते काय करतील त्याची खात्री मी देऊ शकत नाही. खोटं नाही बोलणार. पण टाकतो शब्द.

संग्राम : माझ्या एकट्यासाठी?

उल्हास : आत्ता तूच समोर आहेस ना बाबा.

संग्राम : म्हणजे मी बाजारात मॅडमला दिसलो म्हणून. न्हाईतर मी बी त्याच खोक्यात.

अनघा : संग्राम, हे सगळं नंतर. उठा आधी.

संग्राम : उठतो. पण ते खोकं संगं घ्या.

अनघा : तुमचा फॉर्म घेतलाय मी.

संग्राम : माझा न्हाई. सगळे घ्या. टिकलीवाले. मी आत गेल्यावर तुमी दोघं बाहीर बसणारच ना? तवा एकेकाला फोन लावा. आमच्या रूमवरच तिघं हायत. एक जण तर फोन चार्जिंगला लावून झोपतो कानापाशी, रिंगटोन वाढवून. लोक शिव्या देत्यात त्याला.

उल्हास : अरे, पण फोन करून सांगू काय त्यांना? माझ्याकडे आजही तेवढ्या अपॉइंटमेंट नाहीत.

संग्राम : तेच सांगा. न्हाईत म्हणून. म्हणजे थांबणार तरी न्हाईत कुणी.

(दुपार. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीबाहेरची बाकं. संग्रामला आत नेऊन दोन तास झाले आहेत.)

उल्हास : काय म्हणाले?

अनघा : ऑपरेशनला घेतलंय. गळ्याखाली दोन ठिकाणी चीर देऊन पू काढणार, दाढ काढणार. श्वासासाठी नळी घातलीय. डॉक्टर मला म्हणाली, इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक? 'तुम्ही लोक.'

उल्हास : पण वाचेल ना?

अनघा : वेळेत आणलं म्हणाली. जेमतेम. आणि गंमत ऐका. काउंटरवरच्या मुलीनं कागद बघितले आणि म्हणाली, काळजी करू नका, कंपनीचा विमा आहे यांना, अॅडमिट झाल्यावर मिळतो. दाढ काढायला नाही मिळत. दाढेचा पू गळ्यात उतरला, माणूस मरायला टेकला की मिळतो. सप्टेंबरात वीस मिनिटांचं काम होतं हे! वीस मिनिटांचं! कुणाच्या डोक्यातून निघतं हो असं?

उल्हास : हळू बोल. लोक बघतायत.

अनघा : बघू देत. यार्डात लागला का फोन?

उल्हास : लागला. मॅनेजर म्हणाला, नोटेड. मी म्हटलं, नोटेड नाही चालणार, मंगळवारी मी डॉकवर येतोय तेव्हा त्याच्या कॉन्ट्रॅक्टरला घेऊन बस. रविवारी माझा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. हो म्हणाला. बघू. मी रिन्यूअलपर्यंत पाठ सोडत नाही.

अनघा : लिहून ठेवा. आपण सगळेच बोलतो नंतर.

उल्हास : लिहिलंय. हे बघ, हातावर. आणि तू काय करतेयस त्या कागदांचं?

अनघा : सहा काढतेय. क्लिनिकच्या बाईशी बोलले. एप्रिलचे आपले सहा अजून रिकामे आहेत. आपलेच रिकामे जातायत, सहा महिने. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फॉर्मचे फोटो पाठवले, त्यांनी सांगितलं त्या क्रमानं लावतेय. चुकलं तर माझं चुकलं. तुम्ही फोन कुठवर आणलेत?

उल्हास : एकवीस झाले. चौघांचे नंबर बंद. एक जण परत गेला त्रिचीला. दोघांनी काढून घेतली दाढ, एकानं डॉर्मिटरीतच, दोरा बांधून. एकानं मला शिव्या घातल्या. तमिळमध्ये घातल्या, पण शिव्याच होत्या. मी ऐकून घेतल्या. दोघातिघांना मी कोण आणि कसलं शिबिर तेच आठवेना.

अनघा : आणि संग्रामच्या रूमवरचे?

उल्हास : आत्ता तिसरा लावतोय. मनोहर कांबळे. हा तोच असणार, फोन कानापाशी घेऊन झोपणारा. वाजतोय... पहिल्याच रिंगला उचलला बघ. हॅलो, मनोहर? मी उल्हास देवस्थळी, सह्यकिरण मंडळातून... हो, दातांचं शिबिर, गणपतीतलं... हो, हो, तोच फोन. नाही, ऐक आधी. तुझी अपॉइंटमेंट झालेली नाही. एप्रिलच्या सहांत तू नाहीस, मे महिन्यात असशील की नाही तेही आज सांगता येत नाही... हो. चूक आमची आहे. माझी आहे. तू आता या फोनसाठी थांबू नकोस. जिथं जमेल तिथं दाखव, आणि ताप आला किंवा सूज गळ्याकडे आली तर सरळ हॉस्पिटलला जा, मला याच नंबरवर कळव, मी येतो... संग्राम? संग्राम इथंच आहे, ऑपरेशनला घेतलंय. आम्ही बाहेर बसलोय... बरं. बरं, ठेवतो.

अनघा : काय म्हणाला?

उल्हास : थँक्यू म्हणाला.

अनघा : कशाबद्दल?

उल्हास : फोन आला म्हणून.